रत्नाकाकीची बोर

आमच्या जांबे गावात कुणाला बी विचारा, रत्नाबाई कशी बाई हाय. आधी तो मागं वळून बगंल, ती ऐकत तर न्हाई ना, आन् मग सांगंल. कुणी कैदाशीण म्हणतं, कुणी जळू म्हणतं. एक भाडेकरू खोली सोडून जाताना जिन्याच्या भिंतीवर कोळशानं जे लिवून गेला ते मीच पुसलं, हितं सांगण्यासारखं न्हाई. ती माजी चुलती. मी तिला काकी म्हणतो. लोक बोलतात त्यातलं निम्मं खरं हाय आन् निम्मं त्याच्या बी वरचं हाय. पण बोलायचं तर मी बोलीन, तुमी न्हाई. मी तिच्या घरचं खाल्लंय.

काकीच्या तीन मजली चाळीत सगळे भायेरचे. लातूरचे, नांदेडचे, यवतमाळचे, दोन-चार बिहारी. दिवसभर हिंजवडीच्या कंपन्यांत, संध्याकाळी काकीच्या तोंडात. दर मजल्याचा पाण्याचा व्हॉल येगळा, आन् सगळे व्हॉल काकीच्या दाराशी. कुणी गच्चीवर मोबाईलवर गाणी लावली, व्हॉल बंद. कुणी जिन्यात चपला सोडल्या, व्हॉल बंद. एकदा दुसऱ्या मजल्यावर बारकं पोर रातभर रडलं, तर सकाळी त्याच्या आईला म्हणाली, "दूध उतरत नसंल तर शेळी बांध. माज्या कानाचं भाडं मी लावलं न्हाई अजून." ती बाई कपडे धूत व्हती. तिच्या हाताला साबण तसाच, आन् हिनं व्हॉल फिरवला.

मी बगत व्हतो. मला हसू आलं व्हतं, खोटं कशाला सांगू.

पण त्या पाण्याचं तिला एवढं का, ते म्हाईत असल्याशिवाय पुढचं कळणार न्हाई.

ही बोर मारली शेखरकाकानं, म्हंजी तिच्या नवऱ्यानं. तवा हितं भाताची खाचरं व्हती. पाणी बगायला कुशाबा पाणाड्याला आणलं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून बांधाबांधानं फिरला. एका जागी नारळ उभा ऱ्हायला. बोरच्या गाडीवाला म्हणाला, हितं नुसता खडक लागंल. काका म्हणाला, नारळ उभा ऱ्हायलाय, मार. पाणी लागलं ते असं लागलं, की पाइपातनं माणसाच्या डोक्यावर उडालं. काका चिखलात नाचला, आन् काकीला हाताला धरून त्या फवाऱ्याखाली ओढली. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं व्हतं. म्हातारी माणसं अजून सांगतात, रत्ना तवा खदखदा हसली व्हती. म्या तर तिला हसताना कदी बगितलंच न्हाई.

पुढच्या वर्षी काकाला नांद्याच्या फाट्यावर डंपरनं उडवलं. ऋतिका तवा तान्ही. काकीनं तवापास्नं बोरला कदी नुसतं बोर म्हटलं न्हाई. मालकांची बोर म्हणायची.

काका गेल्यावर माज्या बापाला, जनार्दनला, जमीन दिसाया लागली. भाऊ गेला, वैनी कासार आंबोलीला म्हायेरी जाईल, असा त्याचा हिशेब. ती गेली न्हाई. सही कर म्हणाला, केली न्हाई. मग आमच्याकडं भाऊबंद जे करतात ते त्यानं केलं. भर दुपारी बोरचं टोपण काढलं आन् आत दगड सोडला. बोरमदी दगड म्हंजी माणसाच्या घशात दगड. पाणी खाली असतंय पण वर येत न्हाई. काकीनं आंबोलीहून भावाला बोलावलं, दागिना मोडला, मशीन लावून दगड फोडून काढला. आन् मग बोरच्या कडंला खाट टाकून बसली, उशाला कोयता, बाभळीला झोळी, झोळीत ऋतिका. माजा बाप परत तिकडं फिरकला न्हाई. दारूच्या गुत्त्याकडं तेवढा फिरकत ऱ्हायला.

माजी आय वैतागून म्हायेरी गेली ती गेलीच. घरात चूल पेटंना. मी भिंतीवर बसून काकीच्या चुलीकडं बगायचो. एक दिवस ती म्हणाली, "दगड टाकणाराची अवलाद हाय, पण पोट काय दगडाचं न्हाई तुजं. ये, खा."

तवापास्नं मी तिथंच. रोज ताट वाढताना ती हे बोलायची. दगड टाकणाराची अवलाद, घे अजून एक. रोज बोलायची आन् रोज गरम वाढायची. दहावीत मी शाळा सोडली तवा एक कानफाटात दिली, आन् दुसऱ्या दिवशी पंपाचा पाना हातात दिला. म्हणाली, भैरू, पुस्तक जमलं न्हाई, निदान नट आवळाया शीक.

मग कंपन्या आल्या, खोल्या आल्या. सगळ्या गावानं बांधल्या, काकीनं बी बांधल्या. शेवटाला जागा उरली न्हाई, तरी दोन खोल्या अजून पायजेल व्हत्या. दयानंद गवंडी म्हणाला, ताई, खोल्या काढतो, पण मग संडासचा शोषखड्डा सरकवावा लागंल, आन् तो येतोय बरुबर बोरच्या बाजूला. काकी म्हणाली, "मालकांचं पाणी तीनशे फुटावर हाय. घाण हाय सा फुटावर. ती काय जिन्यानं उतरून जाणार हाय का?" दयानंद हसला, मी बी हसलो. आमच्या गावात सगळ्यांचे खड्डे असेच हायेत. गुंठ्याला एवढा भाव असल्यावर संडास आन् पाण्यात अंतर कोण सोडंल?

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ऋतिका आजारी पडली. उलट्या, ताप. काकी तिला घेऊन दवाखान्यात गेली, मला नेलं न्हाई. पोरगी बरी झाली. पण दुसऱ्या दिवसापास्नं पाण्याचा जार यायला लागला. इकतचा. तो आतल्या खोलीत, देव्हाऱ्याखाली, वर फडकं. त्यातलं फकस्त ऋतिकानं प्यायचं. काकी सोता बोरचंच प्यायची, मी बी बोरचंच. ऋतिकानं विचारलं तर सांगितलं, तुजं पोट नाजूक हाय.

भाडेकरूंना काकी सांगायची, आमी बी हेच पितो. ते काय खोटं नव्हतं. ती पीत व्हती.

ऋतिका आता सातवीला. काकाचं नाक, काकीचा हट्ट. ह्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन निघालं. शाळेतनं एक प्रयोग निवडायचा आन् तो तालुक्याला, पौडला जाणार. ऋतिकाच्या डोक्यात पौड बसलं. उठता पौड, बसता पौड. बाकीच्या पोरांचं ठरलेलं, कुणाचा खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, कुणाची फुग्यावर पळणारी गाडी, कुणी लिंबात खिळे खुपसून बारका दिवा लावणार. ही म्हणाली, मी पाणी गाळायचं यंत्र करणार, घरच्या घरी.

थंड्याची मोठी बाटली तिनं बुडाकडनं कापली आन् उलटी टांगली. तोंडाशी कापूस, त्यावर चुलीतला कोळसा कुटून, त्यावर वाळू, सगळ्यात वर खडी. वाळू मी बांधकामावरनं आणली. ती धूऊन धूऊन पोरीच्या बोटांची सालं निघाली. वरनं ओढ्याचं गढूळ पाणी ओतलं तर खालनं नितळ. काकी दारात उभी राहून बगत व्हती. त्या दिवशी कुठल्याच मजल्याचा व्हॉल बंद झाला न्हाई.

विज्ञानाच्या उत्कर्षा मॅडमनं मात्र खोडा घातला. म्हणाल्या, पाणी स्वच्छ दिसतंय, पण स्वच्छ हाय कशावरनं? आन् तिला बारक्या बाटल्या दिल्या, आत पिवळट औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबंला ठेवायचं. पाण्यात संडासातले जंतू असतील तर बाटली काळी पडते. नसतील तर जशीच्या तशी.

ऋतिकानं चार भरल्या. एक ओढ्याची, एक ओढ्याचं पाणी गाळून, एक जारची. चौथी आपल्या बोरची. त्या चौथीवर तिनं लाल स्केचपेननं लिवलं, 'सर्वांत स्वच्छ पाणी, आमची बोर'. सगळ्या प्रयोगात तिला बाकीच्या पाण्याशी तुलना करायला एक चांगलं पाणी पायजेल व्हतं, आन् तिला आयुष्यभर सांगितलेलं तेच तिनं घेतलं. बाटल्या इन्व्हर्टरवर ठेवल्या, तिथं ऊब असते.

प्रदर्शन शनवारी. त्या सकाळी तिनं मला हाक मारली, तोंड उतरलेलं. ओढ्याची काळी. गाळल्याली बी काळी, म्हंजी तिचं यंत्रच फुस्स. जारची तशीच पिवळट. आन् बोरची काळी. ओढ्यापेक्षा काळी, डांबरासारखी.

मी म्हणालो, फेक ती. जारचं पाणी भर दुसऱ्या बाटलीत, कोण बगायला येतंय.

"मॅडमनं सांगितलंय, जे येईल तेच दाखवायचं. फेल गेलं तर फेल दाखवायचं." मग जरा थांबून म्हणाली, "दादा, आईला म्हाईत असंल का रं?"

मी गाडीला किक मारली.

आता काकीनं काय करून ठेवलं व्हतं बगा. पोरीच्या कौतुकानं तिनं आदल्या दिवशी सगळ्या मजल्यांवर फिरून फर्मान काढलं, उद्या माज्या ऋतीचा प्रयोग बगायला समद्यांनी शाळेत यायचं. जो येणार न्हाई त्याला संध्याकाळी पाणी न्हाई. त्यामुळं शनवारी शाळेच्या हॉलमदी दुसऱ्या कुठल्या बी पोराच्या टेबलापाशी दोन माणसं, आन् ऋतिकाच्या टेबलापाशी सगळी चाळ. बाया पोरं काखेत घेऊन. गडी सुट्टीच्या दिवशी झोप मोडली म्हणून जांभया देत. काकी पैठणी नेसून आली, नाकात नथ, चार घरमालकिणी संगं. कंपनीतले एक सायेब परीक्षक व्हते, हेडसर त्यांच्या मागं मागं.

ऋतिकानं सांगायला सुरवात केली. आवाज बारीक, पण थांबली न्हाई. हे माजं यंत्र, ह्यातनं पाणी नितळ निघतं, पण बाटली काळी पडली, म्हंजी नितळ दिसणारं पाणी चांगलं असतंच असं न्हाई. ही जारची. आन् ही चौथी. तिनं चौथी उचलून धरली. लाल अक्षरं सगळ्यांना वाचता आली.

आधी कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग हसू बंद झालं.

गर्दीतनं नलिनी पुढं आली. लातूरकडची, पयल्या मजल्यावरची, बोरच्या अगदी डोक्यावर तिची खोली. तिचा धाकटा, पाच वर्साचा, काविळीनं महिनाभर दवाखान्यात व्हता. नुकताच घरी आणला व्हता, मान धरत नव्हता. तिनं बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरून बगितली, आन् काकीला दाखवली. 

काकीनं सरळ टेबलावरचा कॅन ओढला. ऋतिकानं यंत्रात ओतायला म्हणून बोरचं पाणी आणलं व्हतं. त्यातनं ग्लास भरला, नथ बाजूला धरली आन् गटागटा प्याली. अजून एक भरला, तो बी प्याली. तोंड पुसून म्हणाली, मालकांच्या बोरचं पाणी हाय. तेरा वर्सं पितेय. मला काय धाड भरलीय? कागदाच्या चिटोऱ्यानं पाणी कळत असतं तर डॉक्टर कशाला झाले असते?

लोक खरंच ढिले पडले. सायेब मान हलवाया लागले. हेडसर हसले. माजी छाती फुगली, सांगतो ना, मला वाटलं जिंकली काकी.

नलिनीनं तोच ग्लास उचलला, भरला, आन् काकीपुढं धरला.

"तुम्ही पिलात, काकू. खरंय. आता लेकराला पाजवा."

काकी म्हणाली, "तिचं पोट नाजूक हाय."

"माझ्याचं बी होतं."

काकीनं पदर सावरला.  तिच्या संगं आलेल्या मालकिणी भिंतीवरची चित्रं बगाया लागल्या. सगळ्यांच्याच घरात कुटंतरी फडक्याखाली जार हाय.

मग ऋतिकानंच नलिनीच्या हातातनं ग्लास घेतला. पोरगी आईच्या बाजूनं घेत व्हती. तिला वाटलं, आई म्हणते पाणी चांगलं हाय, तर मी पिऊन दाखवते, संपलं. तिनं ग्लास ओठापाशी नेला आन् आईकडं बगितलं. "पिऊ?"

काकीनं हाताचा फटका मारला. ग्लास उडून शेजारच्या टेबलावरच्या ज्वालामुखीवर पडला, तिथनं खाली. आन् तोच हात परत आला तो पोरीच्या गालावर. एक, आन् मग दुसरी. हॉलमदी एवढी माणसं, पण नुसतं सोड्याचं फसफस ऐकू येत व्हतं, त्या ज्वालामुखीचं.

"कळलं," नलिनी म्हणाली. बाटली तिनं हळूच टेबलावर ठेवली, लाल अक्षरं पुढं करून.

हेडसरांनी निकाल तिथंच लावला. म्हणाले, विज्ञानात वाद नको. पौडला ज्वालामुखी गेला.

त्याच दुपारी काकीनं नलिनीचं सामान रस्त्यावर काढलं. शेगडी, पिंप, गादी, पोराचं औषध. तिचा नवरा शैलेश हात जोडून उभा, चूक झाली म्हणत व्हता. कुणाची चूक ते त्याला बी म्हाईत नसंल. नलिनीनं हात जोडले न्हाईत. सामान मीच खाली आणलं. काकीनं सांगितलं, मी आणलं. टेम्पो शेजारच्या चांद्याला गेला, तिकडं कुणाच्या तरी चाळीत खोली मिळाली. बाकीचे भाडेकरू गॅलरीतनं बगत व्हते. एकानं बी खोली सोडली न्हाई. जायचं कुटं? जिकडं जाईल तिकडं आमीच.

संध्याकाळी काकीनं मला टाकीत ब्लिचिंग पावडर टाकाया लावली. कुणाला सांगू नको म्हणाली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतिका बोरपाशी गेली. पाणी टाकीत चढायच्या आधी पाइपाला एक नळ हाय, बादली भरायचा. त्याच्या खाली तिनं वंजळ धरली आन् प्याली. पोट भरून प्याली. काकी धावत आली.

"काय करतीस?"

"मालकांच्या बोरचं पाणी पितीय."

काकीनं मारली तिला. मग जारचं पाणी ग्लासात भरून पुढं धरलं. पोरीनं घेतलं न्हाई. म्हणाली, तू हेडसरांकडं चल, सांग की बाटली बरोबर व्हती, आन् पाणी खराब हाय. सगळ्यांच्या समोर सांग. मग पीन जारचं. काकी म्हणाली, मालकांच्या बोरला मी नाव ठेवणार न्हाई. पोरगी म्हणाली, बरं.

मग रोज हेच. शाळेत जाताना वंजळ, आल्यावर वंजळ. नळाला कुलूप लावलं तर व्हॉलपाशी गळणाऱ्या पाण्याखाली तोंड लावलं. काकी बडवायची, बडवून दमायची, मग जेवण सोडायची. ऋतिका तिच्यासमोर बसून जेवायची आन् उठून पाणी प्यायला जायची. एवढीशी पोर, पण आईला कुटं दुखतं ते तिला बरुबर सापडलं व्हतं, आन् ती रोज तिथंच बोट घालत व्हती. मी म्हणालो, काकी, मोटर बंद कर, टँकर मागव. ती म्हणाली, मोटर बंद केली म्हंजी बाटली खरी ठरली. तू गप, दगड टाकणाराची अवलाद.

शेवटी पोरीचे डोळे पिवळे झाले.

दवाखान्यात ह्या वेळी मी व्हतो. डॉक्टरांनी डोळे बगितले, पोट दाबून बगितलं, आन् काकीला म्हणाले, "बाई, मागच्याच वेळी सांगितलं होतं ना तुम्हाला, ते बोरचं पाणी बंद करा म्हणून?"

काकीनं पदर तोंडाला लावला. माज्याकडं बगितलं न्हाई. ऋतिकानं मात्र मान वळवून तिच्याकडं बगितलं, पार पिवळ्या डोळ्यांनी, आन् मग भिंतीकडं तोंड केलं.

पोरगी वाचली. हाडं नुसती, पण वाचली. तिला घरी आणून गॅलरीत खाटेवर टाकली, त्या दिवशी काकी मला म्हणाली, पाना घे. रैवार व्हता, भर दुपार, सगळी चाळ घरात. आमी बोरपाशी गेलो. तिनं मला टोपणाचे नट खोलाया लावले. मला वाटलं, मोटर वर काढायची. मी म्हणालो, साखळी-कप्पीवाल्याला बोलावतो, मोटर वाचंल.

"ऱ्हाऊ दे आत."

बांधकामाचे दगड पडले व्हते, मुठीएवढे. तिनं दोन उचलले. एक माज्या हातात दिला.

"पयला तू टाक. तुमच्या घराण्याला येतंय ते."

माजा हात उठंना. तिनं बाप काढला तरी रोज जेवलेलं अन्न हाय, त्या बाईच्या बोरमदी मी दगड कसा टाकू? ती म्हणाली, टाक, न्हाईतर उद्या माजा जीव फिरंल आन् मी परत चालू करीन, मला वळखतोस ना. तवा टाकला. खडखडत गेला, लई येळ गेला, मग खाली कुटंतरी पाण्याचा आवाज. मग तिनं टाकला. मग तिला थांबवणं माज्या हातात ऱ्हायलं न्हाई. दगड, विटांचे तुकडे, वाळू पाटीनं. जिथं नारळ उभा ऱ्हायला व्हता, जिथं तिला नवऱ्यानं भिजवली व्हती, ते भोक तिनं तोंडापतोर बुजवलं. वर सगळे मजले गॅलरीत उभे. कुणी हसलं न्हाई, कुणी खाली बी आलं न्हाई.

हात झाडून तिनं वर ऋतिकाकडं बगितलं. "झालं समाधान?"

ऋतिका उठून कठड्याला धरून उभी व्हती. "तोंडानं सांगितलं न्हाईस अजून."

काकी खाली, लेक वर. मला वाटलं आता ती दगडच फेकून मारती. पण तिनं मान वर करून सगळ्या मजल्यांकडं बगितलं, आन् व्हॉल बंद करताना वरडायची त्याच आवाजात म्हणाली, "पाणी खराब व्हतं. मला म्हाईत व्हतं."

ऋतिका म्हणाली, "जिला सांगायचं ती चांद्याला गेली."

आन् आत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला, आन् काकी साधं लुगडं नेसून माज्या गाडीवर मागं बसली.  चांद्याला नलिनीची चाळ आमच्यासारखीच, तोच जिना, तोच वास, खाली तशीच बोर आन् तिच्या शेजारी संडासाचं झाकण. नलिनी दारात आली. पोरगं तिच्या मागं, भिंतीला धरून चालत व्हतं. दारात आलेल्याला बसा म्हणायची रीत तिनं सोडली न्हाई. चटई टाकली. आन् रीतीपरमाणं आत जाऊन पाण्याचा ग्लास आणला.

काकीनं ग्लास हातात घेतला. आत बगितलं.

"हितल्या बोरचंच हाय," नलिनी म्हणाली. "इथले मालक बी म्हणतात, आम्ही हेच पितो."

मी काकीच्या हाताला हात लावला. तिनं तो झटकला. सगळा ग्लास प्याली, खाली थेंब ठेवला न्हाई. मग म्हणाली, नलिनी, मला म्हाईत व्हतं, तुज्या पोराच्या आधीपास्नं म्हाईत व्हतं. नलिनी म्हणाली, मला बी माहितीय, त्या दिवशी तुम्ही लेकीचा ग्लास उडवलात तेव्हाच कळलं.

 पोरगं चटईच्या कडंला येऊन काकीच्या बांगड्यांकडं बगत बसलं.

"अजून देऊ?" नलिनीनं विचारलं.

काकीनं ग्लास पुढं केला.